समुद्र ओलांडलेली गाडी

उतुआदोच्या घाटात, तिसऱ्या वळणावर,
एलिएसेरनं सुरा दाखवून गाडी हिसकावली.
डॉन विल्फ्रेदोची, पाव पोचवायची,
मागचं दार दोरीनं बांधलेली.
एक कोपर खरचटलं.
रस्ताभर पाव सांडले,
ते कोंबड्यांनी संपवले.

मी दुभाषी. एका तोंडातलं
दुसऱ्या तोंडात ओतायचं, न सांडता,
याचा मला पगार मिळतो.
सान हुआनच्या त्या कोर्टात एसी इतका गार
की आरोपींच्या आया मे महिन्यात शाली घेऊन येतात.

कारकून पुकारतो:
एका बाजूला अमेरिकेची संयुक्त संस्थानं,
दुसऱ्या बाजूला एलिएसेर, वय एकोणीस.

नेरेइदा वकीलबाई उठतात. चष्मा कपाळावर.
"घाट इथला. मार खाणारा इथला, मारणारा इथला,
सुरा मासे साफ करायचा, याच्याच आईच्या ओट्यावरचा.
आमच्याकडे कायदा आहे, न्यायाधीश आहेत,
तुरुंगही आहे, गळका का असेना.
मग हा गुन्हा वॉशिंग्टनचा कधी झाला?"

सरकारी वकील एकच कागद सरकवतो.
गाडी केंटकीत बनली. बोटीनं आली.
समुद्र ओलांडला म्हणजे व्यापार,
आणि व्यापार आला की आम्ही आलो.

त्या 'आम्ही'त आपण नव्हतो.
माझ्या जिभेवरच्या दोन्ही भाषांत
दोघांना शब्द एकच. तोच वापरला. पुढे गेले.

"तांदूळही ओलांडूनच येतो," नेरेइदा म्हणाल्या,
"खारा मासा, बाळांचे पाळणे, शवपेट्या,
वादळानंतर माझ्या छपरावर
तीन वर्षं फडफडलेली ती निळी ताडपत्री.
एक आमचं मत तेवढं पलीकडे पोचत नाही.
त्याला पोहता येत नाही वाटतं."
कोणीतरी हसलं. न्यायमूर्तींनी घड्याळ पाहिलं.
आक्षेप फेटाळला. दीड ओळीत.

मग साक्ष.
ज्युरीतली बाराही माणसं स्पॅनिशमध्येच जेवतात, भांडतात, रडतात,
पण नियम असा की कानानं ऐकलेलं विसरायचं
आणि मी इंग्रजीत सांगेन तेवढंच खरं मानायचं.
डॉन विल्फ्रेदो म्हणाले,
"आय बेन्दितो, पोरगं आहे हो.
याच्या बाप्तिस्म्याचे पाव मीच भाजले होते.
मागितली असती तर किल्ली दिली असती."
चौथ्या खुर्चीतल्या बाईनं डोळे पुसले.
मी इंग्रजी केलं. नेटकं, व्याकरणशुद्ध.
बाईनं रुमाल ठेवला आणि पेन उचललं.
ते 'आय बेन्दितो' कुठं सांडलं
मी अजून शोधते आहे,
भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर.

अकरा वर्षं. तुरुंग मिनेसोटात.
आई, प्रोविदेन्सिया, शालीत गुंडाळलेली, मला विचारते,
"तिथून समुद्र दिसतो का?"
उत्तर देणं माझ्या कामात बसत नाही.
प्रश्न तेवढा इंग्रजीत केला, स्पष्ट आवाजात.
टंकलेखकानं तो टिपून घेतला.

व्हरांड्यात डॉन विल्फ्रेदो.
टोपी हातात, पुतण्याच्या मोटारसायकलवरून आलेले.
पाव आता तिच्यावरूनच जातात, निम्मे चुरतात.
"बाई, तुम्हाला त्यांची भाषा येते,
जरा विचारा ना,
माझी गाडी कधी सोडणार?"