पाणी किती खाली

लामजन्याच्या पुढे धुकं पातळ झालं
आणि पैलवानाने मागून मान पुढे काढून
गिअरच्या दांड्यावर हनुवटी ठेवली.
आता तिसरा टाकायचा
तर आधी त्याची परवानगी.

नाव पैलवान. अंगावर बरगड्या सोडून काही नाही.
कारवानी जात, पाय कुणाकडून उसने आणावेत इतके लांब.
ड्रायव्हर मेहबूबभाई रिटायर झाले
तेव्हा किल्ल्या, जॅक आणि हा,
तिन्ही एकाच सहीवर माझ्या ताब्यात.
लॉगबुकात रकाना असतो : सोबत कोण.
मी लिहिते, मदतनीस, एक.

विहिरी वर्षातून चारदा मोजायच्या.
मला ही जानेवारीची फेरी आवडते,
ज्वारी हुरड्यात आलेली, गोफणीचे आवाज,
बांधावर कुणाची तरी शेकोटी अजून धुमसत.
पैलवान हरभऱ्यातून पळून येतो,
पायाला आंब लागलेली असते ती चाटतो,
तोंड वाकडं करतो,
परत चाटतो.

टेपच्या टोकाला खडू फासायचा,
काठावरून खाली सोडायची,
खडू ओला झाला तिथे पाणी.
एवढंच माझं शास्त्र.
त्याचं त्याहून सोपं :
पुढचे पाय कठड्यावर, एकदाच भुंकायचं,
आणि आतून उत्तर येईपर्यंत कान टवकारून थांबायचं.
खोल विहीर जरा विचार करून बोलते.
दोघांचं झालं की मग मी आकडा लिहिते.

'ताई, कुठवर गेलं?'
खांद्यावर घोंगडं, हातात भाजलेलं कणीस.
साडेआठ मीटर, मी म्हटलं.
'अन् मागल्या साली?'
सात.
त्याने हात डोक्यापाशी नेऊन स्वतःलाच मापलं.
'म्हंजी मानूसभर. टोपी सोडून.'
मग कणीस मळून गरम हुरडा माझ्या ओंजळीत,
आणि पैलवानाला धडपक्यातली चतकोर भाकरी.
'ह्ये बी सरकारी का?'
हो, म्हटलं. पगार नाही फक्त.

दुपारी ते गाव, भूकंपानंतर उठून गेलेलं.
नवं रस्त्यापलीकडे, पत्र्याचं, रांगेतलं.
इथे गुडघाभर भिंती, बाभळी,
एका उंबऱ्यावर अजून रांगोळीचा नाही, शेवाळाचा पट्टा.
मी विहिरीकडे सरळ निघाले, भिंती ओलांडत.
पैलवान मात्र वळसे घालत होता.
उडी मारली असती तर एका ढांगेत पार,
पण तो दारातूनच आत जायचा,
जिथे दार होतं तिथून,
आणि दारातूनच बाहेर यायचा.
घरामागून घर.
मी टेप हातात धरून उभी.
घाई कर, म्हणायला तोंड उघडलं
आणि नाही म्हटलं.

विहिरीत पाणी दोन मीटर दहावर.
इथे कुणी शेंदत नाही.
तो नेहमीसारखा भुंकला,
आणि पाणी इतकं जवळ
की त्याचं भुंकणं संपायच्या आत उत्तर आलं.
दचकून माझ्या पायात शिरला.
मी दोनदा मोजलं. दोन दहाच.

उमरग्याला चहा, बशीत त्याचाही.
मग हायवे, उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागे लाल दिवा नाही,
पांढरं पोतं बांधलेलं तेवढं दिसतं.
नळदुर्गला रेस्टहाऊसचा पहारेकरी म्हणाला,
कुत्रं चालायचं नाही.
मी म्हटलं, जीपमध्ये झोपू मग.
दोघंही? दोघंही.

नऊ वाजता मेहबूबभाईंचा फोन, रोजचा.
क्लच नीट लागतो का. ऑइल बघितलं का.
घाटात पहिल्यावर घ्या, ब्रेकवर भिस्त नको.
कुत्र्याचं एक अक्षर विचारत नाहीत.
मी तशीच मागच्या सीटकडे फोन धरते.
इकडे श्वास, तिकडे श्वास.
दोघंही काही बोलत नाहीत,
मिनिटभर, कधी दोन.
मग तिकडून, 'ठेवतो, ताई.'

सकाळी काचा आतून धुरकट,
बाहेरच्या थंडीने नाही, त्याच्या दमाने.
पुसायला फडकं शोधलं
तर ते त्याने पांघरलेलं.
बाहीनेच एक भोक पुसलं, हाताएवढं,
तेवढ्यातून रस्ता दिसला,
तिसरा टाकला.