एकशे तीन टक्के

तिसऱ्या मजल्यावरून फोन आला,
"मालखाझ, माझं पुसलेलं पुसलं जात नाहीये."
लिफ्ट बंद होती, चालत निघालो.
जिन्याच्या खिडकीतून पोतीचं बंदर,
धक्का गच्च भरलेला
आणि काळ्या समुद्रात नांगर टाकून तिष्ठणारी तीन जहाजं.

नाझिब्रोला शोनिया, जकात विभाग,
निवृत्तीला अकरा दिवस.
पडद्यावर तांबडी पट्टी: एकशे तीन टक्के.
मी समजावलं,
गेली सतरा वर्षं सगळ्यांना समजावतो तसं:
पुसलं म्हणजे गेलं असं नाही, बाई.
पुसलेलं शेजारच्या खोलीत जाऊन बसतं
आणि त्या खोलीचं भाडंही तुमच्याच नावावर चढतं.
आता गंमत अशी की
तिथं जाऊन बसायला आधी नक्कल व्हावी लागते,
नकलेला जागा लागते,
जागेसाठी पुसावं लागतं.
"म्हणजे आमच्या पालिकेसारखं," ती म्हणाली.

मी ती शेजारची खोली उघडली.
आलेल्या टपालात एकोणीस पत्रं.
पुसलेल्यांत अकरा हजार सहाशे.
हेझलनटच्या पोत्यांच्या पावत्या,
क्रेनची वेळापत्रकं, रद्द झालेली आणि न झालेली,
वजनकाट्यावर झोपलेलं मांजर, चार किलो दोनशे,
केक खायला खाली या, असा निरोप
कॅप्टन गोचाचा, जो तीन वर्षांपूर्वी वारला,
आणि मधूनमधून, रविवारी रात्री, बारीहून,
मझिया. विषय: काही नाही.
मझिया. विषय: काही नाही.

धाकटी बहीण. इटलीत एका म्हातारीला सांभाळते,
आंघोळ घालते, गोळ्या देते, शिव्या ऐकते
आणि म्हातारी झोपली की लिहिते.

"वाचलं की लगेच पुसायचे," नाझिब्रोला म्हणाली,
"इथं पाठीमागून सगळे बघतात."
अहो, पण कचऱ्याच्या डब्यात कुणी ठेव ठेवतं का?
ती चष्मा पुसत राहिली.
मग म्हणाली,
"ज्या हिवाळ्यात वीज नव्हती
आणि बंदूकवाले घरोघर फिरत होते,
आईनं अंगठ्या चुलीच्या राखेत पुरल्या.
गाद्या फाडल्या त्यांनी, पिठात हात घातले.
राखेत कुणी घातला नाही."

याचं उत्तर माझ्या नियमावलीत नव्हतं.

एक वाट आहे, मी म्हटलं.
शिफ्ट दाबून धरायचं आणि पुसायचं.
मधली खोली नाही. परतीचं तिकीट नाही.
सगळं वजनानुसार लावून दिलं.
सगळ्यात वर मझियाच:
पत्र दोन ओळींचं, सोबतचा व्हिडिओ चौदा एमबी,
नाकापेक्षा मोती जड.
आवाज बंद करून तिनं तो पाहिला.
समुद्र. नुसता समुद्र. इथला नव्हे.
बोट शिफ्टवर गेलं,
आणि तसंच परत आलं.

मग क्रेन गेल्या.
पावत्या गेल्या, पोत्यांच्या पोत्यांनी.
मांजर?
"राहू दे मांजर."
गोचा?
"तू खाल्ला होतास ना तो केक?"
खाल्ला होता. अक्रोडाचा. जरा करपलेला.
"मग जाऊ दे."

सत्त्याण्णव टक्के.
दाराबाहेर अडलेलं टपाल
एकेक करून आत येऊ लागलं.
एक जाहिरात, दोन परिपत्रकं,
आणि परवा रविवारचं, दोन केबीचं, काही नाही.
मी खिडकीकडे वळलो.
जहाजं अजून तिथंच.

अकरा दिवसांनी हे खातंच बंद होणार,
खोली, शेजारची खोली, सगळं.
तिला ठाऊक होतं. मलाही.
कुणी बोललं नाही.

खाली येऊन चहा ओततोय तोवर पुन्हा फोन.
"मालखाझ,
राख घरी न्यायची झाली
तर पिशवी केवढी लागेल?"

नखाएवढी, मी म्हटलं.
माझ्याकडे एक पडलीय.