एकशे तेरावी ओळ

हंगाम सरला. शेवटचा ट्रॅक्टर परवा तोलला.
आता जिनिंगच्या काटाखोलीत मी,
पाखं वाकडं झालेला पंखा
आणि सरकीच्या वासाचा हा संगणक.
काम नव्हतं, म्हणून उघडली
त्याची आतली वही.
ती कुणी उघडत नाही.

एकशे बारा ओळी.
सतरा नोव्हेंबर, दुपारी दोन चौदा:
स्मृतीच्या दुसऱ्या पट्टीत एक घर चुकलं. दुरुस्त केलं.
तेवीस मिनिटांनी: तेच घर. दुरुस्त केलं.
सहा डिसेंबर, रात्री: तेच घर.
बंद केलं. यापुढे तिथे काही ठेवू नये.
मधेच कुठे: पंख्यात रुई, आतून तापतंय.
वेग वाढवला.

सतरा नोव्हेंबर मला आठवतो.
रंभाबाई टेकामांची बंडी काट्यावर होती,
बैल सोडून बाजूला बांधलेले.
सहा क्विंटल चाळीस.
चिठ्ठी उन्हात धरून, आकड्यांवर बोट ठेवत
बाईंनी दोनदा वाचली,
मग पदराच्या गाठीत बांधली.
आकडा बरोबर होता.
तो बरोबरच असतो, असं मी धरून चाललो होतो,
गाड्यांची रांग, हमालांची भांडणं, चहा, पुन्हा रांग.

नागपूरचा बुरडकर यंत्र बसवताना म्हणाला होता,
"हे एक मांगं चालू राह्यते,
दिसनार नाही. बंद नोका करू."
मी मान हलवली होती
आणि विसरलो होतो.

शेवटच्या नऊ ओळी एकसारख्या,
जानेवारीपासून, दर सोमवारी पहाटे,
आवाज न चढवता:
दुसरी पट्टी बदला.

मालकाला फोन लावला.
"चालू हाय ना? मंग कायले हात लावता?"
उत्तर सुचलं नाही.
चालू तर होतंच.

मग काट्याच्याच रोलवर चिठ्ठी काढली.
गाडी नंबर: रिकामा. वजन: शून्य.
शेरा: दुसरी पट्टी बदला.
गादीवर, सुपारीच्या डब्याखाली ठेवून आलो,
अर्धी बाहेर, दिसेल अशी.

परत येऊन पाहतो
तर वहीत ओल्या शाईसारखी एक नवी ओळ.
तेवीस मार्च, संध्याकाळी सहा सात:
छपाई चालू असताना एक घर चुकलं.
दुरुस्त केलं.