बनाना पिन

सावद्यात केळीला कोणी केळी म्हणत नाही,
माल म्हणतात.
म्हणून जळगावच्या दुकानदाराने
तारांच्या टोकांकडे बोट दाखवून
"ह्या बनाना पिना" म्हटलं
तेव्हा मला हसू आलं.
इथंही तीच.

डबा साडेचार हजारांचा.
बायको म्हणाली, एवढ्यात शिलाई मशीन आलं असतं.
आलं असतं.

काळ्या फोमच्या खाचांत एकेक निजलेली:
नर पिना, मादी पिना, चपट्या, वाकड्या,
काही इतक्या बारीक
की चष्मा कपाळावर चढवला तरच दिसतात.
ज्या कनेक्टरला जी बसेल तीच.
जाड घातली
तर त्याचा जबडा कायमचा सैल होतो
आणि गिऱ्हाईक जुना बिघाड देऊन नवा घेऊन जातं.

सुपडू मिस्त्रींचं शास्त्र याच्या आधीचं.
गोधडीची सुई, सुईला वायर, वायरला बल्ब.
गाडीच्या तारेत सुई खुपसायची,
बल्ब लागला, तर जीव आहे.
"डाक्टर दुसरं काय करतो भो?"
असं म्हणत चाळीस वर्षं
फैजपूर ते रावेर त्यांनी टोचलं.
त्यांच्या मागं मी टोचलं.
भोक दिसतही नाही, म्हणायचे,
रबर आपोआप मिटतं.

वैशाखात रुबाब तडवीची पिकअप आली.
पालच्या घाटात दिवे जातात, म्हणाला.
रोज नाही.
गेले तर दोन वळणं जातात, मग येतात आपले आपण.
"एकदा चांदण्यावर उतरवली.
मागं पंधरा क्विंटल माल, पुढं काईच नाई."

बॉनेटला हात लावता येत नव्हता.
ओलं पोतं टाकून वाकलो.
दिव्याचा कनेक्टर सोडवला,
मधे डब्यातल्या दोन पिना जोडल्या,
दिवे लावले आणि मगच मीटर धरलं.
रिकाम्या तारेला विचारलं तर ती बाराच सांगते.
खरं बोलते ती ओझं पडल्यावर.

बॅटरीवर साडेबारा.
फ्यूजच्या पुढं, जवळपास तेवढेच.
दिव्यापाशी नऊ. हलवलं की सात. परत नऊ.
म्हणजे मधल्या वीतभर तारेत
कोणीतरी साडेतीन व्होल्ट खात बसलंय.

टेप सोडली.
आत तांब्याचा भुगा,
मोरचुदासारखा निळा-हिरवा,
आणि त्याच्या मधोमध
सुईएवढं भोक.

टेप उलटी गुंडाळलेली होती.
मी डावखुरा आहे.

दोन वर्षांपूर्वी हॉर्नची तक्रार होती,
आठवलं. तार चुकलो होतो,
ही टोचली, बल्ब लागला, म्हटलं ही नव्हे,
वरून टेप मारली
आणि चहा प्यायला गेलो.

नवी तार घातली. डाख दिला, नळी चढवली.
रुबाबला सांगितलं: भोक माझं होतं.
पैसे नको.
त्यानं खिशातला हात बाहेर काढला,
जरा वेळ भिंतीवर अडकवलेल्या सुईकडं पाहिलं.
"मंग त्या रातीचं काय?"

ते मोजायची पिन डब्यात नव्हती.

संध्याकाळी सुपडू मिस्त्री आले, नेहमीसारखे,
टायरवर बसले.
"सुई कुठी गेली रे?"
घरी, म्हटलं. गोधडीला.
सगळ्यात बारीक पिन त्यांच्या तळहातावर ठेवली.
डोळ्यांना दिसेना, अंगठ्यानं चाचपत राहिले.
"टोचत नाही ही?"
नाही. ज्याच्या त्याच्या दारातून जाते.

काही बोलले नाहीत.
पिन परत दिली, तीही जपून,
बशीत उरलेला चहा ओतला.
हायवेला अंधार पडत होता,
मालाच्या गाड्या एकामागं एक निघाल्या होत्या.
आम्ही दोघं त्यांचे दिवे बघत बसलो.