खुलासे

आधी साल लागतं. मग ठाणं. मग गुन्हा नंबर.
नंबर नसेल तर नाव चालतं,
पण ते कुणी कसं लिहिलंय, तेही लागतं.
माझ्याकडे आईचं एक वाक्य होतं:
"गेटाजवळच्या मागावरनं नेलं. आखाड होता.
तू अजून पोटातबी नव्हतीस."

शहापूर ठाण्यातला हवालदार म्हणाला,
"काय हुडकूलालीस बाई?
इतकं जुनं उंदरांनाबी पाठ नाही.
अलीकडचं कॉम्प्युटरात. पलीकडचं कोर्टात विचार."

तरी कॉम्प्युटरात बघितलं.
कन्नड कळफलकावर 'भ' शोधायला मला अर्धा चहा लागला.
भरमाणा सातेरी बस्तवाडकर.
नाही. कुठेच नाही.
एक क्षणभर माझा बाप निर्दोष झाला,
मला टाइप करता येत नाही म्हणून.

कोर्टाच्या रेकॉर्ड रूमला पाच चकरा.
पहिला अर्ज परत आला, दुसऱ्यावर तिकीट कमी पडलं,
तिसरा लिहून दिला दस्तगीरसाब नदाफनी,
चिंचेखाली, पत्र्याच्या टेबलावर, चाळीस रुपयांत.
टाइप करता करता एका शब्दावर थांबून हसले.
"हे बघ, दस्तगिरि. जुन्या कन्नड कागदात
अटकेला हेच म्हणतात. माझंच नाव!
दस्त म्हणजे हात. हात धरून तारतो तो दस्तगीर.
आमच्यात पीराचं म्हणून ठेवलं,
पोलिसांनी कशाला ठेवलं, अल्ला जाणे."

सातव्या दिवशी गठ्ठा आला. सुतळी तुटली, सोडावी लागली नाही.
बरमप्पा, तंदे सातेरप्पा, बस्तवाड.
'भ'चा 'ब' झाला होता,
आडनावाचा 'कर' वाटेत कुठे गळला होता.
पण वय सव्वीस. उंची पाच फूट तीन.
उजव्या अंगठ्याला धोट्याची जुनी खूण.
ती खूण मी ओळखते,
त्याच अंगठ्यानं तो माझ्या पाटीवरचा ओला खडू पुसायचा.

कलम ३८१, नोकरानं केलेली मालकाची चोरी.
गेलेला माल: जरीची सात रिळं.
झडतीत मिळालं: बिडीबंडल, एक किल्ली, चार रुपये.
नातेवाइकास कळवलं: होय.
खाली डाव्या हाताचा अंगठा.
आई सही करते. आजी तेव्हा वारलेली.
तो अंगठा कुणाचा, अजून कळलेलं नाही.

शेवटच्या रकान्यात एकच शब्द.
मी अक्षर लावत लावत वाचला. खु. ला. से.
"कसला खुलासा?" मी विचारलं.
"खुलासा नव्हे गं, खुलासे.
सुटले म्हण. कोर्टानं निर्दोष सोडलं."

मी बाकड्यावर बसले.

बाबा सांगायचा. सगळ्यांना सांगायचा.
न्हाव्याच्या खुर्चीत, रेशनच्या रांगेत,
मावशीच्या लग्नात, पंगतीत, कुणी विचारलं नसताना:
"माझा खुलासा झालाय."
आणि लोक म्हणायचे,
"भरमाणा, किती वर्षं खुलासे देणार? जेव की."
चौदाव्या वर्षी मीही म्हणाले होते,
"बाबा, पुरे तुझे खुलासे."
तो गप्प झाला. भाकरी मोडत राहिला.

कोर्टात ऐकलेला शब्द त्यानं जसाच्या तसा
घरापर्यंत जपून आणला होता.
आमच्या घरात त्याचा अर्थ दुसरा होता,
हे त्याला कोण सांगणार?
बाजारात तो दिवसभर कन्नड बोलायचा,
वाचायला मात्र एसटीची पाटीही विचारायचा.

खरी नक्कल, दोन प्रती, गोल शिक्का.
एक आईला दिली. तिनं ती उलटी धरली,
मग सुलटी, मग देवाच्या पाटाखाली सारली.
काहीच बोलली नाही.

दुसरी घेऊन मी गेटाजवळ गेले.
माग भंगारात गेलेत. शेडमध्ये आता फरशीचं दुकान आहे.
नक्कल हातात धरून उभी राहिले बराच वेळ.
आतला पोरगा बाहेर आला, माप घ्यायची टेप लावून.
"बाथरूमला पाहिजे का हॉलला, अक्का?"

"काही नको," म्हटलं. "नुसतं बघूलालेय."