कामाची यादी

ऑक्टोबर सरत आलेला. चोडणच्या फेरीबोटीत
माझ्यासोबत सिमेंटच्या चाळीस गोण्या, ॲसिडचे सहा कॅन,
खिशात घडी घातलेली कामाची यादी:
गवत उपटणे. दगड धुणे. वाटेवर कोबा.
दोन नोव्हेंबरच्या आत सिमितेर स्वच्छ हवी.

फाटकाशी पास्कोल. चाळीस वर्षं खड्डे खणलेला.
यादी त्यानं उलटी धरली,
म्हणजे वाचलीच नाही.
"उपटूं नाका," म्हणाला, "कातरा."

पिंपळाची एक मुळी
कुणा बाईच्या दगडाचे दोन तुकडे धरून होती,
नाव अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
मुळी ओढली की बाई फुटली.

शेजारचा दगड दाखवला त्यानं:
मागच्या कंत्राटात ॲसिडनं धुतलेला.
पांढराशुभ्र.
आणि निनावी.

विहिरीकडच्या वळणावर हातगाडी अडली
एका पालथ्या, लांबट दगडाला.
मी पहार मागवली.
पास्कोल त्या दगडावर जाऊन उभा राहिला,
दोन्ही पायांनी.

पोरं चहाला गेल्यावर
त्यानं कडेची माती बोटांनी उकरली
आणि माझा हात आत सरकवला.
थंड. मग एक शिंग. गाय असावी.
तलवारीची मूठ. कोपऱ्यात चंद्राची कोर.

आमच्या सत्तरीत असाच एक देवळामागे उभा आहे.
आम्ही त्याला शेंदूर फासतो, तेल घालतो,
पिढ्यान्‌पिढ्या, इतक्या मायेनं
की त्याला नाक उरलेलं नाही.

"बापायन उमथो घाल्लो," पास्कोल म्हणाला.
फोडून पायरीला नेणार होते म्हणून.
"तोय मेल्लोच न्हय? हांगाच आसूं."

कोबा झाला नाही. ॲसिडचं बूच उघडलं नाही.
काथ्याचा कुंचला आणि विहिरीचं पाणी,
दिवसाला चार दगड, फार तर पाच.
ठेकेदाराचे फोन मी घेतले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी यादीच्या पाठीवर
पुरातत्त्व खात्याला लिहायला बसलो.
वर्णन: कोरीव दगड. नग: एक.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं: पालथा आहे.
खातं येईपर्यंत हलवू नये.

"वाच," पास्कोल म्हणाला.
वाचलं.
"तें 'येईपर्यंत' खोड."

मी खोडलं नाही.
फेरीबोट सुटायची घंटा झाली तरी
तो त्या दगडावरून उतरला नव्हता.