गाठ

टार्तूत, पहाटे तीनला, लीव्हीनं
फोनला एकच शब्द विचारला : गाठ.
राइमोला उठवलं नाही.

सकाळी फोननं टोप दाखवले केसांचे,
मऊ, तपकिरी, हप्त्यांवर.
दुपारी विमा. संध्याकाळी
एक हसरा उमेदवार : तुमचं दुखणं मला ठाऊक आहे.

राइमोच्या फोनवर तोच उमेदवार
मूठ आवळून
सरहद्दीच्या कुंपणाबद्दल बोलत होता.
दोघं एकाच बाकावर, बटाटे सोलत.
"चांगला वाटतो," तो म्हणाला.
"हो," ती म्हणाली.

सुरीच्या टोकानं बटाट्याचा डोळा काढताना
तिचा हात थांबला.
राइमो, एक सांगायचं राहिलंय तुला,
म्हणत ती उठली,
दोन्ही फोन बाहेर बर्फात ठेवून आली,

आणि मग भिंतीकडेही
एकदा पाहिलं.